वर्कशॉपचे प्रश्न : टिग टॉर्चसाठी घरी बांधलेला वॉटर कूलर

टिग वेल्डिंगची (टंगस्टनच्या काडीतून आर्क काढणाऱ्या वेल्डिंगची) टॉर्च पाण्यानं थंड कशी ठेवायची, याबद्दल उद्यमबागेपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांनी विचारलं आहे. तयार कूलर न घेता स्वतः बांधायचा, असा बहुतेकांचा बेत दिसतो. बेत चांगला आहे. फक्त पाणी किती गार आहे यापेक्षा ते टॉर्चमधून किती वाहतंय, ही गोष्ट शंभर पट महत्त्वाची, एवढं धरून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : माझ्याकडे २०० अँपिअरचं एसी-डीसी इन्व्हर्टर मशीन आहे. सोबत डब्ल्यूपी-२६ ही हवेवर थंड होणारी टॉर्च आली. अ‍ॅल्युमिनियमच्या ६ मिमी प्लेटवर दोन-तीन पास मारले की हँडल धरवत नाही. पाण्यावर थंड होणारी डब्ल्यूपी-२० घेऊन कूलर घरीच करायचा आहे. एअर कूलरमधला छोटा पंप पाण्याच्या बादलीत सोडला तर भागेल का? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : नाही भागणार. एअर कूलरचा पंप पाणी सहा-सात फूट वर चढवण्यापुरता केलेला असतो, म्हणजे त्याचा जोर जेमतेम ०.२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला; पुढेही दाबाचा किलो हाच). डब्ल्यूपी-२० च्या नळ्या बारीक, आणि परतीच्या नळीत तर पाण्याच्या जोडीला तांब्याची केबलही बसवलेली. चार मीटरच्या सेटमधून मिनिटाला लिटरभर पाणी ढकलायला दोन किलोच्या आसपास दाब लागतो, कधी जास्तही. पंपाच्या खोक्यावर तासाला शेकडो लिटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या तोंडाचं माप. टॉर्च जोडली की त्याच पंपाचे परतीच्या नळीतून थेंब टपकतात.

पंपाकडे वळण्याआधी, कूलर खरंच हवा का ते बघा. डब्ल्यूपी-२६ वरचा २०० चा आकडा डीसीचा आहे. एसीवर तो दीडशेवर येतो, कारण एसीत अर्धा वेळ उष्णतेचा मोठा वाटा टंगस्टनकडे येतो. तुमचं ६ मिमी अ‍ॅल्युमिनियमचं काम १८० ते २०० अँपिअरचं. तिथे हवेवरची टॉर्च तापणारच, त्यामुळे तुम्हाला कूलर हवाच. पण डेअरीची भांडी, हॉटेलची टेबलं, रेलिंग असं दीड-दोन मिमी स्टीलचं काम ६० ते ९० अँपिअरवर होतं. ते करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. पाणी, पंप, क्लिपा आणि गळती सांभाळत बसण्यापेक्षा डब्ल्यूपी-२६ च बरी.

आता पंप. तुमच्या भागात सहज मिळणारे पर्याय असे.

बॅटरीवरच्या फवारणी पंपातला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप कुठल्याही कृषी सेवा केंद्रात सुटा मिळतो. दाब भरपूर, टॉर्चला पुरेल एवढं पाणीही देतो, टाकीच्या वर बसवला तरी स्वतः पाणी ओढतो, आणि २३० व्होल्ट पाण्यापासून लांब राहतात. उणीव एवढीच की आवाज करतो, आणि त्याची मोटर ब्रशची असल्यानं दिवसभर चालवली तर ब्रश झिजतात. जॉब शॉपला हाच पंप घ्या आणि एक जादा आणून ठेवा. त्याला ५ अँपिअरचा १२ व्होल्ट पॉवर सप्लाय लागतो. मोबाईल चार्जरच्या जातीचा अडॅप्टर लावला तर पंप कण्हत फिरतो आणि दाब चढत नाही.

आरओ फिल्टरचा बूस्टर पंप दिसायला तसाच, पण प्रवाहात लंगडा. दाबाखाली मिनिटाला लिटरही देत नाही. शंभर अँपिअरच्या आत ठीक. तुमच्या कामाला नको.

अर्ध्या एचपीचा घरगुती पंप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दाब मिळतो, पण पंपातून येणाऱ्या पाण्यातलं बहुतेक बायपासनं टाकीत परत सोडावं लागतं, आणि मोटरच्या पावणेचारशे वॉटपैकी मोठा भाग त्याच पाण्याला तापवतो.

सगळ्यात उत्तम म्हणजे पितळी व्हेन पंप. कारखान्यात बनलेल्या बऱ्याच कूलरमध्ये तोच असतो. जुन्या, बंद पडलेल्या कूलरचा मिळाला तर सोडू नका. मात्र तो कोरडा चालला की आतल्या पट्ट्या खरवडतात. त्याला टाकीच्या खाली बसवायचं आणि सक्शनला गाळणी लावायचीच.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. २०० अँपिअरला आर्कचे १८ व्होल्ट धरले तर ३.६ किलोवॉट होतात. त्यातला सगळा भाग टॉर्चकडे येत नाही. कूलरसाठी १ किलोवॉट धरा. मिनिटाला १.२ लिटर पाणी वाहत असेल तर टॉर्चमधून बाहेर पडताना ते १२ अंशांनी तापलेलं असेल. टाकी २० लिटरची आणि रेडिएटर नसेल तर सलग दहा मिनिटांच्या आर्कला टाकी ७ अंशांनी चढते. ५० लिटरच्या ड्रमला तेवढ्याच वेळात ३ अंश. तासातून पंधरा-वीस मिनिटंच आर्क चालू असेल आणि अर्धा दिवसच काम असेल, तर ५० लिटरचा प्लॅस्टिक ड्रम रेडिएटरविना पुरतो. हा सगळ्यात स्वस्त कूलर, आणि त्यात बिघडायला पंपाशिवाय काही नाही. जागा कमी असेल किंवा काम दिवसभराचं असेल तर २० लिटरची टाकी आणि रेडिएटर घ्या.

रेडिएटर म्हणून भंगारातल्या कारचा हीटर कोअर किंवा लहान रेडिएटर चालतो. घेताना एका कोपऱ्यात फाईलनं ओरखडा काढून बघा. आतून लाल-पिवळं दिसलं तर तांबे-पितळ, पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. टॉर्च तांब्याची, नट पितळी. त्याच पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आलं की ते कुरतडलं जातं आणि पांढरा गाळ टॉर्चच्या बारीक वाटा बुजवतो. म्हणून तांबे-पितळेचाच शोधा. जुन्या एसीची तांब्याची कॉइल वापरायची तर आतलं तेल आधी डिझेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन काढा. डिझेलनं धुताना आसपास आर्क नको, हे वेगळं सांगायला नको. मागे १२ व्होल्टचा रेडिएटर फॅन किंवा ८ इंची एक्झॉस्ट फॅन पुरतो.

जोडणीचा क्रम असा : टाकी, गाळणी, पंप, टी (तीन तोंडांचा जोड), टॉर्चची आत जाणारी नळी, टॉर्च, परतीची नळी, फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते ओळखणारा), रेडिएटर, पुन्हा टाकी. रेडिएटर परतीवरच ठेवायचा. तिथे दाब नसतो, त्यामुळे जुना रेडिएटर फुटत नाही. पंपानंतरच्या टीच्या एका तोंडाला ० ते ७ किलोचा गेज आणि सुई व्हॉल्व्ह बसवून तो बायपास टाकीत सोडा. नळी ८ मिमी आतल्या व्यासाची, जाळीची पीव्हीसी. टाकीत सक्शनचं तोंड तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर, परतीचं तोंड त्याच्या विरुद्ध बाजूला आणि पाण्याखाली बुडलेलं. परतीची धार वरून पडली तर फेस होतो आणि हवा पुन्हा पंपात जाते.

आर्क मारण्याआधी एक चाचणी चुकवू नका. सगळं जोडून, टॉर्च टेबलावर नेहमी ठेवता तशी ठेवून, परतीची नळी एका लिटरच्या बाटलीत धरा आणि घड्याळ लावा. बाटली एका मिनिटाच्या आत भरली पाहिजे. पन्नास सेकंदात भरली तर उत्तम. सव्वा मिनिट लागलं तर कूलर झालेला नाही, रेडिएटर कितीही मोठा असो.

प्रश्न : फवारणीच्या पंपाची मोटर काढून कूलर केलो. चालू केला की टर्रर्र करतो, थांबतो, परत टर्रर्र. टॉर्च तर तापतीच. पंपाचा प्रेशर स्विच काढून टाकू काय ओ? (खानापूर)

उत्तर : काढू नका. पंप ठीक आहे, त्याला पाणी सोडायला पुरेशी वाट मिळत नाहीये. फवारणी पंपात दाब ठरावीक मर्यादेला पोचला की स्विच मोटर बंद करतो आणि दाब उतरला की पुन्हा चालू करतो. तुमच्या टॉर्चमधून पाणी थोडंच जातंय, म्हणून दाब लगेच चढतो. स्विच काढला तर दाब आणखी वाढेल आणि हँडलमध्ये नळी निपलवरून सुटेल, तीही वेल्डिंग चालू असताना, हातात.

टॉर्चला साडेतीन किलोच्या वर दाब द्यायचा नाही. वरच्या उत्तरातला बायपास बसवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप चालू करा आणि गेज अडीच ते तीन किलोवर येईपर्यंत व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. टर्रर्र बंद होईल. मग बाटलीची चाचणी घ्या.

तीन किलोवरही मिनिटाला लिटर येत नसेल तर टॉर्चमध्ये अडथळा आहे. शोधायचा क्रम : आधी नळी कुठे दुमडली आहे का बघा, विशेषतः हँडलच्या मागे, जिथे झिप टाय करकचून बांधलेला असतो. मग गाळणी. मग परतीची नळी पॉवर ॲडॅप्टरवरून (ती मशीनला जोडणाऱ्या तुकड्यावरून) सोडून नुसत्या टॉर्चमधून पाणी सोडा. प्रवाह सुधारला तर दोष ॲडॅप्टरमध्ये. स्वस्त ॲडॅप्टरचं भोक कधीकधी तीन मिमीचंही नसतं, ते ड्रिलनं मोठं करता येतं. तरी सुधारणा नसेल तर हेडमध्ये, म्हणजे टॉर्चच्या पुढच्या टोकात, क्षार साठलेत. एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी अर्धा तास फिरवा, मग साध्या पाण्यानं दोनदा धुवा.

प्रश्न : टॉर्चला तीन नळ्या आहेत. माझ्या मशीनवर मात्र फक्त करंटचं सॉकेट आणि गॅसचं निपल. काय कुठे जोडायचं? (निपाणी)

उत्तर : एक नळी गॅसची. दुसरी, बारीक आणि मोकळी, आत जाणाऱ्या गार पाण्याची. तिसरी जाड आणि जड. तिच्यात तांब्याची केबल आहे आणि तिच्याभोवतीनं पाणी परत येतं. गार पाणी आधी हेडला पोचलं पाहिजे, म्हणून पंप बारीक नळीला. उलटं जोडलं तर पाणी केबलवर तापून मग हेडला जातं.

जाड नळीसाठी पॉवर ॲडॅप्टर वेगळा मिळतो. तो एका बाजूनं मशीनच्या सॉकेटमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूनं टॉर्चचा नट घेतो आणि पाण्यासाठी त्याला आडवं निपल असतं. पाण्याचे नट बहुतेक सेटमध्ये उलट्या आट्याचे असतात, गॅसचा सरळ. नट बसत नाही म्हणून पान्याचा जोर लावू नका. आधी उलटा फिरवून बघा.

या ॲडॅप्टरवर वेल्डिंगचा पूर्ण करंट असतो. त्याच्या निपलपासून रेडिएटरपर्यंत किमान मीटरभर रबरी किंवा पीव्हीसी नळीच हवी, तांब्याचा पाईप नको. कूलरच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्या, आणि २३० व्होल्टचा पंप किंवा फॅन असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) लावा.

आणखी एक. त्या जाड नळीतली केबल हवेवरच्या टॉर्चपेक्षा खूपच बारीक असते. पाणी आहे या भरवशावर ती तशी केलेली असते. पाणी चालू करायला विसरून दीडशे अँपिअर दिले तर काही सेकंदांत नळी फुगते आणि वितळते. आणि डब्ल्यूपी-२६ चे कोलेट (टंगस्टन पकडणारे), कप (गॅसची पुढची टोपी) नव्या टॉर्चला वापरायचे असतील तर डब्ल्यूपी-१८ घ्या, त्यांचं माप एकच. डब्ल्यूपी-२० ला डब्ल्यूपी-९ चं लहान सामान लागतं.

प्रश्न : पंप बंद पडला ते कळलं नाही आणि टॉर्च जळाली. पाणी थांबलं की मशीन आपोआप थांबेल असं काही करता येईल का? (संकेश्वर)

उत्तर : येईल, पण दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, स्विच कुठे बसवायचा. पंपाजवळ प्रेशर स्विच लावणारे बरेच आहेत. नळी दुमडली की प्रवाह शून्य होतो आणि दाब मात्र भरपूर असतो, म्हणजे स्विच म्हणतो सगळं छान. म्हणून फ्लो स्विच घ्या आणि तो परतीच्या वाटेवर, टॉर्चनंतर बसवा. तिथे पाणी आलं याचा अर्थ ते टॉर्चमधून आलं. अर्ध्या इंचाचे चुंबकावर चालणारे फ्लो स्विच घरगुती बूस्टर पंपांसाठी मिळतात, पण किती प्रवाहाला चालू होतो ते विचारून घ्या. मिनिटाला दीड-दोन लिटरला चालू होणारा आपल्या कामाचा नाही, ०.८ लिटरच्या आसपासचा हवा. इलेक्ट्रॉनिक सेन्सरवाला टाळा. आर्क पेटवतानाची हाय फ्रिक्वेन्सी त्याला मारते. साधा रीड संपर्काचा बरा. त्याच्यावर १२ व्होल्टचा रिले चालवा आणि रिलेचे संपर्क टॉर्चच्या बटणाच्या तारेत सिरीजमध्ये टाका. या तारा टॉर्चच्या केबलला बांधू नका, फूटभर लांब ठेवा.

दुसरं, फोर-टी मोड. टू-टी मध्ये बटण दाबून धरलेलं असतं, त्यामुळे तार तुटली की आर्क विझतो. फोर-टी मध्ये एकदा दाबून सोडलं की आर्क चालूच राहतो. त्या वेळी बटणाची तार तशीही उघडीच असते, रिलेनं ती आणखी उघडून काही होत नाही. फोर-टी वापरणाऱ्यांनी रिलेच्या दुसऱ्या संपर्कावर जोरदार बझर लावावा. काही मशीनांच्या मागे वॉटर कूलर प्रोटेक्शनचं वेगळं सॉकेट आणि स्विच असतो. तो असेल तर रिले तिथेच जोडा, मग दोन्ही मोडमध्ये चालतं. मशीनची मेन लाईन तोडणारा कॉन्टॅक्टर मात्र नको. त्यानं आर्कनंतरचा गॅसही बंद होतो, आणि लालबुंद तापलेला टंगस्टन हवेत काळा पडतो.

काम संपल्यावर पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, हेडमधली उष्णता निघून जाते.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी जड आहे. तेच भरलं तर? का कारचा हिरवा कूलंट घालू? (चिकोडी)

उत्तर : दोन्ही नको. जड पाण्याचे क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडमध्येच बसतात. शिवाय असं पाणी वीज जास्त वाहून नेतं. हाय फ्रिक्वेन्सी त्यातून कूलरकडे गळते आणि आर्क पेटायला कुरकुर करतो. कारच्या कूलंटमध्ये गंजरोधक क्षार असतात, काहींत गळती बुजवणारे पदार्थही. रेडिएटरची गळती बुजवणारा पदार्थ टॉर्चची वाटही बुजवणार.

बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर भरा. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे गोठणरोधक म्हणून काही लागत नाही. पंपाला वंगण म्हणून १० ते २० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलं तर चांगलं, सुगंध-रंग नसलेलं. शेवाळ धरू नये म्हणून टाकी अपारदर्शक आणि झाकणाची घ्या. पांढऱ्या कॅनला बाहेरून काळा रंग दिला तरी चालतं. लोखंडी ड्रम नको. पाणी सहा महिन्यांनी बदला, हिरवट किंवा निळसर दिसलं तर आधीच. निळसर म्हणजे तांबं विरघळतंय.

प्रश्न : पाणी लवकर तापू नये म्हणून ड्रममध्ये बर्फ टाकतो. पावसाळ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डमध्ये बारीक भोकं पडायला लागली. गॅस बदलून पाहिला, फरक नाही. (खानापूर तालुका)

उत्तर : बर्फ बंद करा, गॅसचा दोष नाही. तुमच्याकडे जुलैत हवा २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असली, तर २३ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव साठतं. बर्फाच्या पाण्यानं टॉर्चचं हेड त्याच्या कितीतरी खाली जातं. कपच्या आत, कोलेट बॉडीवर पाणी धरतं, आर्कच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतो आणि गोठताना बुडबुडे सोडतो. टाकीतलं पाणी खोलीच्या हवेइतकं किंवा थोडं कोमट असलेलंच बरं. ४५ अंशांपर्यंत काळजीचं कारण नाही. पावसाळ्यात सकाळी टाकी रात्रीच्या गारव्यानं थंड असते. तेव्हा पंप आर्क मारायच्या जरासाच आधी चालू करा, तासभर आधी नको.

बर्फ बंद करून चार दिवसांतही भोकं गेली नाहीत तर हेड आतून गळत असेल. कप, कोलेट काढून हेड कोरडं पुसा, गॅस बंद ठेवा, पंप चालू करा आणि हेडच्या तोंडाशी टिश्यू पेपर धरून पाच मिनिटं थांबा. कागद ओला झाला तर ब्रेझिंगचा सांधा सुटलाय. वेल्डिंग करताना अशा टॉर्चचा टंगस्टन निळा-काळा पडतो आणि आर्क फुरफुरतो, तेही ओळखायला उपयोगी. त्यावर एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट लावून काही होत नाही, पहिल्याच गरम पासला ते सुटतं. नुसतं हेड सुटं मिळतं. तेच बदला आणि नळ्या जुन्याच ठेवा.